जुने गोवे : एका राजधानीची लोकसंख्या आणि तिचे मोजमाप

प्रस्तावना

तिसवाडी बेटावर, मांडवी नदीच्या दक्षिण तीरावर, पणजीच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटर अंतरावर वसलेले जुने गोवे हे आज ग्रामपंचायतीचे गाव आहे. इ. स. १५३० पासून इ. स. १८४३ पर्यंत, म्हणजे तीन शतकांहून अधिक काळ, ते कायद्याने पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील राज्याची राजधानी होते. मोझांबिकपासून मकावपर्यंतच्या ठाण्यांचा कारभार येथून चालत असे. या नगरीचा इतिहास सांगताना दोन विधाने हमखास केली जातात. पहिले असे की, वैभवाच्या काळात तिची लोकसंख्या दोन लाख होती. दुसरे असे की, इ. स. १८३५ च्या सुमारास तेथे मूठभर पाद्री, मठवासी आणि मठवासिनी यांखेरीज कोणीही उरले नव्हते. या दोन टोकांमध्ये नगरीचा उदय आणि अस्त बसवला जातो आणि अस्ताचे खापर रोगराई, डच आरमार, धर्मन्यायालय किंवा मराठ्यांची स्वारी यांपैकी एखाद्या कारणावर फोडले जाते.

प्रस्तुत निबंधात कारणांची ही यादी पुन्हा तपासण्याऐवजी आकड्यांकडे पाहिले आहे. जुन्या गोव्याच्या लोकसंख्येचे म्हणून जे आकडे उद्धृत होतात, ते प्रत्यक्षात कोणाची मोजणी करतात? कोणाला वगळतात? आणि राजधानी 'ओस पडली' असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा नेमके कोण निघून गेलेले असते? लोकसंख्येचा इतिहास हा पुष्कळदा मोजणाऱ्याच्या नजरेचा इतिहास असतो, हे सर्वच जुन्या नगरांना लागू असले तरी जुन्या गोव्याच्या बाबतीत ते विशेष ठळकपणे दिसते.

नाव आणि स्थान

आरंभी नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. कदंबांची राजधानी असलेले गोपकपट्टण तिसवाडीच्या दक्षिण बाजूस, जुवारी नदीच्या काठी होते. तेथील बंदर गाळाने निकामी होत गेले आणि व्यापार उत्तरेकडे मांडवीवर सरकला. पोर्तुगीजांनी त्या कदंबकालीन स्थळाला 'गोवा व्हेल्या' असे नाव दिले. पुढे त्यांची स्वतःची राजधानी जुनी झाल्यावर तिला 'व्हेल्या गोवा' म्हटले जाऊ लागले. शब्दांच्या या उलटापालटीमुळे अनेक लेखनांत एका गावाचा इतिहास दुसऱ्याला चिकटवला गेला आहे. जनगणनेचे आकडे घेतानाही ही चूक होते.

मांडवीवरील स्थळाचे मूळ नाव एला. त्यालगतच्या ब्रह्मपुरीत विजयनगरच्या अमलात, माधव मंत्र्याच्या काळात, ब्राह्मणांची वसाहत झाल्याची परंपरा आहे. बहामनी आणि नंतर आदिलशाही सत्तेखाली येथे तटबंदी, खंदक आणि राजवाडा असलेले भरभराटीचे बंदर उभे राहिले. अरबस्तान आणि इराणमधून येणारे घोडे येथे उतरत आणि घाटमार्गे दख्खनच्या दरबारांकडे जात. म्हणजे इ. स. १५१० मध्ये अल्बुकर्कने हे शहर दोनदा, दुसऱ्यांदा २५ नोव्हेंबर रोजी, जिंकले तेव्हा त्याच्या हाती रिकामी जागा लागली नाही, तर चालते शहर लागले. दुसऱ्या विजयानंतर मुसलमान रहिवाशांची मोठी कत्तल झाली. पोर्तुगीज गोव्याच्या लोकसंख्येचा इतिहास असा एका वजाबाकीने सुरू होतो, ही गोष्ट वैभवाच्या वर्णनांत बहुधा निसटते.

इ. स. १५३० मध्ये कोचीनहून राजधानी येथे आली. इ. स. १५३४ मध्ये धर्मप्रांताचे ठाणे झाले, १५५७ मध्ये त्याला आर्चबिशपचा दर्जा मिळाला आणि इ. स. १५५६ मध्ये सेंट पॉल विद्यालयात भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. इ. स. १५६२ मध्ये सुरू झालेल्या से कॅथेड्रलचे काम पूर्ण होण्यास कित्येक दशके लागली. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हण पोर्तुगीज भाषेत रूढ झाली ती याच काळाच्या आठवणीतून.

उंबरे आणि माणसे

मराठी मुलखात गावाचा आकार सांगताना माणसांऐवजी उंबरे सांगण्याची पद्धत होती. पोर्तुगीज कारभारही चुली किंवा कुटुंबप्रमुख मोजत असे. लग्न करून स्थायिक झालेल्या वसाहतदारास 'काझाद', म्हणजे विवाहित, असे म्हणत आणि त्याची नोंद ठेवण्यामागे प्रशासनाचा स्पष्ट हेतू होता. वेढा पडल्यास हत्यार धरण्यास किती माणसे मिळतील, हे सरकारला हवे होते. या नोंदी लष्करी गरजेतून जन्मल्या. त्या जनगणना नव्हत्या.

मायकल पिअर्सन यांनी दिलेल्या माहितीनुसार इ. स. १५२४ मध्ये गोवा शहरात सुमारे ४५० पोर्तुगीज कुटुंबप्रमुख होते आणि इ. स. १५४० मध्ये सुमारे १८००. सोळा वर्षांत चौपट वाढ, असा अर्थ कोणीही सहज काढील. परंतु पिअर्सन यांनीच नमूद केल्याप्रमाणे पहिल्या आकड्यात केवळ पोर्तुगालहून आलेल्यांचा समावेश होता, तर दुसऱ्यात पोर्तुगीज पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांची संततीही धरली होती. म्हणजे वाढलेली केवळ माणसे नव्हती. 'पोर्तुगीज' या शब्दाची व्याप्तीही वाढली होती. अल्बुकर्कने पुरस्कारलेल्या मिश्रविवाहांची पहिली पिढी याच सुमारास वयात येत होती, हे लक्षात घेता व्याख्या बदलण्याची गरज का भासली हे समजते.

इ. स. १६३५ मध्ये आंतोनियु बुकारु याने पूर्वेकडील सर्व पोर्तुगीज ठाण्यांचे जे वर्णन सिद्ध केले, त्यात गोवा शहरात सुमारे ८०० 'गोरे' आणि २२०० 'काळे' काझाद सांगितले आहेत. 'काळे काझाद' म्हणजे स्थानिक ख्रिस्ती कुटुंबप्रमुख. एका घरात सरासरी पाच माणसे धरली तर या ३००० उंबऱ्यांची लोकसंख्या १५,००० होते. आता इ. स. १६०० च्या सुमारासचा पिअर्सन यांचा अंदाज पाहावा. शहरात एकूण सुमारे ७५,००० लोक होते. त्यांत पोर्तुगीज आणि मिश्रवंशीय मिळून केवळ १५०० च्या आसपास, हिंदू सुमारे २०,००० आणि उरलेले स्थानिक ख्रिस्ती, आफ्रिकन व इतर. हा अंदाज मान्य केल्यास शहरातील दर पन्नास माणसांमागे एकच माणूस राज्यकर्त्यांच्या वर्गातील होता.

मग दोन लाखांचे काय? वरील दोन नोंदी वेगवेगळ्या वर्षांच्या असल्या तरी ढोबळ हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. दोन लाखांतून हिंदूंचे २०,००० वजा केले तर उरलेले १,८०,००० लोक ३००० घरांत बसवावे लागतात; म्हणजे प्रत्येक उंबऱ्यामागे साठ माणसे. श्रीमंत घरांत गुलामांची संख्या मोठी होती, काझादांच्या यादीत न येणारे सैनिक, खलाशी, पाद्री आणि मोलमजूर हेही होते, हे सर्व मान्य करूनही हा हिशेब जुळत नाही. खुद्द लिस्बनची लोकसंख्या सोळाव्या शतकाच्या मध्यास एक लाखाच्या आसपास होती. शिवाय गोवा शहराला लागणारा तांदूळ तिसवाडीत पुरेसा पिकत नसे. तो कानडा किनाऱ्यावरील बसरूर, होनावर, मंगळूर या बंदरांतून आणावा लागे आणि त्या वाटेत अडथळा आला की शहरात टंचाई होई. दोन लाख तोंडांना हा पुरवठा पेलला असता असे मानणे कठीण आहे. हा आकडा प्रवाशांच्या विस्मयातून आणि नंतरच्या लेखकांच्या स्मरणरंजनातून आला असावा. अस्त जितका करुण दाखवायचा, तितका उदय उंच दाखवावा लागतो.

या आकड्यांत सर्वांत अंधुक दिसणारा वर्ग गुलामांचा. इ. स. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन आणि इ. स. १६०८ ते १६१० मध्ये येथे असलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल या दोघांनीही 'रुआ दिरैता' या मुख्य रस्त्यावरील सकाळच्या लिलावाचे वर्णन केले आहे. घोडे, गालिचे, जडजवाहीर यांच्याबरोबर तेथे स्त्रीपुरुष गुलामही विकले जात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून बंगाल आणि अतिपूर्वेपर्यंत नाना प्रदेशांतून आणलेली ही माणसे मालाच्या हिशेबात सापडतात, रहिवाशांच्या हिशेबात क्वचितच. हिंदूंची स्थिती वेगळी. इ. स. १५४० पासून तिसवाडीतील देवळे पाडली गेली, १५६० मध्ये धर्मन्यायालय आले, सार्वजनिक धर्माचरणावर बंदी होती. तरीही सावकारी, सराफी, जकातीचे मक्ते आणि औषधोपचार या व्यवहारांत हिंदूंवाचून शहराचे पान हलत नव्हते. तेओतोनियु द सौझा यांनी सतराव्या शतकातील गोव्याच्या आपल्या अभ्यासात हिंदू मक्तेदारांचे हे महत्त्व विस्ताराने दाखवले आहे. ज्यांना शहरातून घालवण्याचे हुकूम निघत, त्यांच्याच जामिनावर शहराचा खजिना चाले.

पाणी आणि ताप

शहराच्या नाशाची चर्चा करताना रोगराईचा उल्लेख सर्वच करतात. परंतु त्यामागची यंत्रणा पाहिल्यास लोकसंख्या आणि रोगराई यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतो. जुने गोवे जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भूमीवर उभे होते. नदीकाठचा भाग सखल, सभोवती टेकड्या आणि जवळच करमळीचे तळे. घराघरांत विहिरी होत्या आणि घराघरांत शौचकूपही. जांभ्यातून घाण झिरपून विहिरीत उतरण्यास वेळ लागत नसे. वस्ती विरळ होती तोवर हे निभावले. ती दाट होत गेली तसे पाणी दूषित होत गेले. नगरीला तिच्या स्वतःच्या वाढीनेच विष दिले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

त्या काळातील लोकांना हे शास्त्र ठाऊक नव्हते; पण विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही हे ते अनुभवाने जाणत होते. पिराराने लिहिले आहे की, शहराबाहेरील बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी गुलाम मडक्यांतून आणून शहरात विकत. म्हणजे चांगले पाणी ही विकत घेण्याची वस्तू झाली होती. ज्याला परवडे तो बायंगिणीचे पाणी पिई. ज्याला परवडत नसे तो अंगणातील विहिरीचे. मृत्यूच्या वाटणीत या भेदाचा वाटा किती होता हे आकड्यांत दाखवता येत नाही, परंतु तो नगण्य नसणार.

इ. स. १५४३ मध्ये पटकीची भयंकर साथ आली. पोर्तुगीजांनी या रोगाला कोकणी नावावरून 'मोर्देशीं' म्हटले आणि इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता याने त्याची लक्षणे नोंदवली. इ. स. १५७० च्या सुमारास, अली आदिलशाहाचा वेढा पडला असतानाच, पुन्हा साथ उद्भवली. इ. स. १६३५ च्या सुमारास सुरू झालेला ताप तर दीर्घकाळ हटला नाही. या मृत्यूंचा एकच आकडा सर्वत्र उद्धृत होतो. इ. स. १६०४ ते १६३४ या तीस वर्षांत राजाच्या इस्पितळात २५,००० पोर्तुगीज सैनिक मरण पावले, तो हा आकडा. दर वर्षी सरासरी आठशेहून अधिक. लिस्बनहून जहाजे भरभरून तरुण येत आणि त्यांतील मोठा भाग पहिल्याच पावसाळ्यात संपे. परंतु या आकड्याचीही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. ते इस्पितळ पोर्तुगीज सैनिकांसाठी होते. त्याच वर्षांत त्याच विहिरींचे पाणी पिऊन मेलेले कोळी, हमाल, गुलाम, कारागीर यांची अशी बेरीज कोणी मांडलेली नाही.

व्यापाराच्या ऱ्हासाविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. इ. स. १५६५ मध्ये विजयनगरचा पराभव झाल्यावर घोड्यांच्या व्यापारातील मोठे गिऱ्हाईक गेले. १६२२ मध्ये होर्मुझ, १६४१ मध्ये मलाक्का, १६५८ मध्ये सिलोन आणि १६६३ मध्ये कोचीन पोर्तुगीजांच्या हातून निसटले. मध्यंतरी डच आरमाराने मांडवीच्या मुखाशी वर्षानुवर्षे नाकेबंदी केली. इ. स. १६४१ आणि १६४८ अशा दोन वेळा गोव्यात आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहिले आहे की, पहिल्या भेटीत सुखवस्तू दिसलेली माणसे दुसऱ्या भेटीत रात्रीच्या अंधारात गुपचूप मदत मागण्यास येत. शहर रिकामे होण्यापूर्वी ते गरीब झाले होते.

राजधानी कोणत्या क्रमाने हलली

व्हाइसरॉय कोंद द लिन्यारेश याने इ. स. १६३३-३४ मध्ये पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लांबलचक बांध घातला. आज त्यावरून वाहने धावतात आणि तो वाहतुकीच्या सोयीसाठीचे बांधकाम म्हणूनच ओळखला जातो. लोकसंख्येच्या दृष्टीने पाहता, पश्चिमेकडे समुद्राच्या वाऱ्यावर राहण्यास जाण्याची वाट या बांधाने मोकळी करून दिली. ज्यांच्याजवळ जमीन आणि पालख्या होत्या अशी कुटुंबे नदीकाठच्या बागायतींत राहू लागली. शहरात त्यांचे काम उरले ते कचेरी आणि चर्चपुरते.

मराठ्यांचा संबंध या टप्प्यावर येतो. इ. स. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यास घातलेला वेढा संभाजी महाराजांनी उठवला आणि २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी राजधानीसमोरचे जुवे बेट घेतले. ते परत घेण्यास गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन कसाबसा निसटला. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज दप्तराच्या आधारे या मोहिमेचा साद्यंत वृत्तांत मराठी वाचकांसमोर आणला आहे. मराठे महिन्याअखेरीनंतर फार काळ तेथे थांबले नाहीत. परंतु ओहोटीच्या वेळी शत्रू पायउतार करून राजधानीच्या दारात येऊ शकतो, हे दिसून आले. त्यानंतर लगेचच राजधानी मुरगावला नेण्याचा निर्णय झाला. तेथे बांधकामेही सुरू झाली, अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ती रेंगाळली आणि अखेर सोडून दिली गेली. मराठ्यांनी जुने गोवे उजाड केले, असे जे कधी कधी अभिमानाने सांगितले जाते त्यास आधार नाही. मराठी स्वारीचा परिणाम निराळा होता: राजधानी येथेच असली पाहिजे ही खात्री त्या रात्री संपली. शंका एकदा दप्तरात शिरली की ती सहसा बाहेर पडत नाही.

इ. स. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम शहराच्या पश्चिमेस पणेली येथे हलवला. इ. स. १७५९ मध्ये कोंद द एगा पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहण्यास गेला. मात्र पणजीला 'नवे गोवे' या नावाने राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला तो २२ मार्च १८४३ रोजी. म्हणजे आधी सधन कुटुंबे गेली, मग राज्यप्रमुख गेला, त्याच्या मागून कचेऱ्या आणि सर्वांत शेवटी, राज्यप्रमुखानंतर चौऱ्याऐंशी वर्षांनी, कायद्यातील शब्द गेला. राजधानी एका फर्मानाने मेली असे म्हणता येत नाही. फर्मानाने झाली ती केवळ नोंद.

सोळाशे माणसे

जुन्या गोव्याच्या इतिहासात लोकसंख्येचा नेमका वाटावा असा आकडा इ. स. १७७५ चा आहे. त्या वर्षी शहरात १६०० माणसे होती आणि त्यांपैकी ११९८ ख्रिस्ती होती. शतकाच्या आरंभी हीच संख्या कोणी ३०,००० सांगतो, कोणी २०,०००. या तफावतीवरूनच आरंभीच्या आकड्याची विश्वसनीयता कळते. परंतु १७७५ च्या आकड्याची धर्मवार फोड उपलब्ध आहे आणि तो एका विशिष्ट कारणाने पुढे आला.

त्याच्या आदल्या वर्षी, इ. स. १७७४ मध्ये, लिस्बनमधील सर्वाधिकारी मंत्री मार्केश द पोंबाल याने जुने शहर पुन्हा उभारून तेथेच राजधानी न्यावी असा आदेश दिला होता. इ. स. १७५५ च्या भूकंपाने उद्ध्वस्त झालेले लिस्बन ज्याने उभे केले, त्याला गोवा उभे करणे अवघड वाटले नसावे. फरक एवढाच की लिस्बनच्या लोकांना आपल्या शहरात परतायचे होते. गोव्यात आदेश आले, पैसा खर्च झाला, मजूर लावले गेले; ते तापाने मरू लागले आणि इ. स. १७७७ च्या सुमारास काम थांबले. याच धामधुमीत, इ. स. १७७६ मध्ये, से कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी एक कोसळला. तो पुन्हा बांधला गेला नाही.

या १६०० मधील ४०२ बिगरख्रिस्ती माणसे कोण होती? अडीचशे वर्षांच्या बंदीहुकुमांनंतरही शहराच्या चौथ्या हिश्श्याइतके लोक ख्रिस्ती नव्हते, ही बाब लक्षणीय आहे. इ. स. १६०० च्या अंदाजात हिंदूंचे प्रमाण जवळपास असेच, चौथ्या हिश्श्याहून किंचित अधिक, दिसते. दोन्ही आकड्यांच्या स्वरूपात फरक असल्याने यावरून फार मोठे अनुमान काढणे योग्य नव्हे. तथापि शहर आकसले तरी त्याची घडण तितकीशी बदलली नाही, एवढे म्हणण्यास जागा आहे. सत्ता गेली, व्यापार गेला, वस्ती पन्नाशीच्या हिश्श्यावर आली आणि तरी दुकानदार व कारागीर काही प्रमाणात टिकून राहिले.

मठ आणि दगड

राज्यप्रमुख निघून गेल्यावरही शहर अनेक दशके तग धरून होते ते धर्मसंस्थांच्या बळावर. मठांत शेकडो माणसे राहत. त्यांच्यासाठी स्वयंपाकी, धोबी, सुतार, माळी, दर्जी लागत. इ. स. १८३५ मध्ये पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारचा धर्मसंघ विसर्जित करण्याचा आदेश गोव्यात अमलात आला आणि पुरुषांचे मठ एकदम रिकामे झाले. स्त्रियांच्या मठाला वेगळा नियम लावण्यात आला. इ. स. १६०६ मध्ये स्थापन झालेल्या सांता मोनिका मठात नव्या स्त्रीस प्रवेश देण्यास बंदी होती, पण ज्या होत्या त्यांना मरेपर्यंत राहण्याची मुभा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेवटची मठवासिनी वारली तेव्हा तो मठ बंद झाला. शून्यापर्यंत घटत जाणे हेच जिच्यासाठी कायद्याने ठरवून दिले होते, अशी ही एक लोकसंख्या. त्या प्रचंड इमारतीत शेवटची काही वर्षे दोनचार वृद्धा कशा राहिल्या असतील, याची कल्पना संख्येवरून करता येत नाही.

मागे राहिले ते दगड. ऑगस्टिनियन संघाच्या चर्चचे छत मठ रिकामा झाल्यावर सातच वर्षांनी, इ. स. १८४२ मध्ये, कोसळले. दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग इ. स. १९३१ मध्ये पडला. त्याची घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात आणि इ. स. १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये गेली. आज ती तेथेच वाजते. व्हाइसरॉयांचा राजवाडा आणि धर्मन्यायालयाची इमारत एकोणिसाव्या शतकात नामशेष झाल्या. पडक्या इमारतींचा चिरा पणजीच्या बांधकामांना वापरला गेला. पणजी उभी राहिली ती काही अंशी जुन्या गोव्याच्याच सामग्रीतून, हे राजधानी 'हलवली' या शब्दाचे शब्दशः प्रत्यंतर होय.

एकोणिसाव्या शतकातील युरोपीय प्रवाशांनी, विशेषतः इ. स. १८५१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध करणाऱ्या रिचर्ड बर्टनने, या अवशेषांचे जे चित्र रंगवले त्यातूनच 'मृत नगरी'ची प्रतिमा रूढ झाली. इ. स. १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेला जुझे निकलाव द फोंसेका यांचा ग्रंथ अधिक साक्षेपी आहे आणि आजही त्याला पर्याय नाही. परंतु त्याचाही भर इमारतींवर आहे. आता इ. स. १९०० ची जनगणना पाहावी. तीत जुन्या गोव्याची लोकसंख्या २३०२ नोंदली आहे. त्याच वेळी राजधानी असलेल्या नव्या गोव्याची ९३२५. दोन्ही वेळच्या सीमा तंतोतंत एक असतील असे नाही. तरीही १७७५ मधील १६०० आणि १९०० मधील २३०२ हे आकडे शेजारी ठेवले तर 'मृत' म्हणून वर्णिलेल्या सव्वाशे वर्षांत वस्ती घटल्याचे नव्हे, तर वाढल्याचे दिसते. ज्यांना पाद्री आणि मठवासिनी यांखेरीज येथे कोणी दिसले नाही, त्यांच्या नजरेतून शेतकरी, रेंदेर, कोळी, चर्चचे सेवक आणि बाजारातील दुकानदार निसटले. ते काझादांच्या यादीतही नव्हते आणि इस्पितळाच्या नोंदीतही नव्हते.

राजधानीनंतरचे गाव

इ. स. १९८६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत जुन्या गोव्याचा समावेश केला तो 'गोव्यातील चर्च आणि मठ' या नावाने. नोंद इमारतींची झाली, शहराची नव्हे. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या पार्थिवाचे दर्शन सामान्यतः दर दहा वर्षांनी घडवले जाते. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळातील सोहळ्यास लाखो भाविक आले. दोन लाखांचा जो आकडा शहराला बहुधा कधीच गाठता आला नाही, तो आता पाहुण्यांच्या रूपाने काही आठवड्यांपुरता गाठला आणि ओलांडलाही जातो. एवढ्या गर्दीसाठी लागणारे पाणी, शौचालये आणि रस्ते यांची तरतूद हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पिराराच्या काळीही तोच होता.

गावात राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. संरक्षित क्षेत्रात घर दुरुस्त करावयाचे तर परवानगी लागते, आणि त्याच क्षेत्रात, इ. स. १५९९ च्या व्हाइसरॉय कमानीनजीक नदीकाठी, एक मोठे बांधकाम उभे राहिले. इ. स. २०२१ मध्ये त्याविरुद्ध गावकरी, इतर गोमंतकीय आणि वारसाप्रेमी यांनी अनेक दिवस धरणे धरले. प्रकरण न्यायालयात गेले. या वादातील जमिनीची जी कागदपत्रे पुढे आली, त्यांत गावाचे नाव राजधानीचे नव्हते आणि 'जुने गोवे' असेही नव्हते. जमीन दप्तरात ते गाव आजही 'एला' याच नावाने लागलेले आहे.